मासा, माशी आणि मामा

मासे रात्री पकडायचे असतात हे मला स्कॉटलंडमध्ये येऊन कोणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या गावी, कुडाळच्या बाजूला, मिरगाचे पहिले दोन-तीन दणकून पाऊस झाले की व्हाळाला पाणी येतं आणि त्या पाण्याच्या उलट दिशेने नदीतले मासे वर चढायला लागतात. चढणीचे मासे. खवळे, मळये, शिंगट्या. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. बाबा आणि काका नारळाच्या झावळ्यांची चूड पेटवून पुढे, आणि मी मागे बादली घेऊन. पायात चप्पल नाही, डोक्यावर खोळ, आणि कानात आजीची सूचना की देवचार आडवा आला तर बोलायचं नाही, बाजूला होऊन वाट द्यायची. व्हाळ जिथे दगडावरून दोन-अडीच फूट खाली पडतो तिथे मासे अक्षरशः उड्या मारत असायचे. बाबा पाग टाकायचे आणि काका हातानेच उचलून मागे फेकायचे. बादली अर्ध्या तासात भरायची. मध्यरात्री आजी चूल पेटवायची आणि गाबोळीने गच्च भरलेली ती पोटं चिरताना तिचा चेहरा असा काही खुलायचा, की विचारू नका.

त्या बादलीतला प्रत्येक मासा अंडी घालायला निघाला होता, हे लक्षात यायला मला पुढची वीस वर्षं आणि एक स्कॉटिश मामा लागला.

मामा म्हणजे आमच्या एडिंबराच्या ऑफिसातला रिलीज मॅनेजर. वय अठ्ठावन्न, रिटायरमेंट तोंडावर आलेली, दाढी पांढरी. त्याचं खरं नाव इथे लिहीत नाही. प्रॉडक्शनमध्ये काहीतरी फुटलं आणि मी पहाटे तीनला एकटा धडपडत असलो की हा माणूस घरून लॉग इन करून न बोलता अर्धं काम उरकून ठेवतो, म्हणून मी मनातल्या मनात मामा म्हणतो. २०२४ च्या जूनमधली गोष्ट आहे. कॅन्टीनमध्ये बोलता बोलता मी त्याला चढणीच्या माशांचं सांगितलं. चूड, पाग, बादली, सगळं. मला वाटलं त्याला मजा वाटेल. त्याने चहाचा मग खाली ठेवला आणि विचारलं, "सगळे खायचात? अंड्यांसकट?"

म्हटलं, अंड्यांसाठीच.

तो काही बोलला नाही. फक्त दोन दिवसांनी त्याचं मेल आलं: शुक्रवारी रात्री काय करतो आहेस?

शुक्रवारच का, तर स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन आणि सी ट्राउट धरायला कायद्याने बंदी आहे. शनिवारी रात्री गेलात तर बाराच्या ठोक्याला रॉड गुंडाळावा लागतो, आणि खरी मजा तर बारानंतर सुरू होते. दुसरी एक गंमत म्हणजे इथे सॅमन धरायचा हक्क ही जमिनीपासून वेगळी मालमत्ता असते. नदीकाठची जमीन तुमची असली तरी त्या काठावरून सॅमन धरायचा हक्क भलत्याच कुणाचा तरी असू शकतो. म्हणजे माशाचा सातबारा वेगळा! आपल्याकडच्या भाऊबंदकीला ही आयडिया सुचली नाही हे नशीब समजायचं. त्यामुळे प्रसिद्ध नद्यांच्या काही पट्ट्यांचं आठवड्याचं भाडं ऐकून माझ्यासारख्याने गुपचूप घरी जावं. पण स्पे नदीवर ग्रँटाऊन नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या स्थानिक संघटनेकडे नदीचा बराच मोठा भाग आहे आणि बाहेरच्या माणसालाही परमिट मिळतं. मामा तिथे तीस वर्षं जातोय.

एडिंबराहून उत्तरेला तीनेक तासांचा रस्ता. पर्थच्या पुढे टे नदी ओलांडली तेव्हा मामाने मान झुकवल्यासारखं केलं. याच टे नदीत १९२२ साली जॉर्जिना बॅलंटाइन नावाच्या बाईने ६४ पौंडांचा सॅमन धरला होता. म्हणजे २९ किलो. ब्रिटनमधला रॉडवर धरलेल्या सॅमनचा तो विक्रम शंभर वर्षांनंतरही कुणाला मोडता आलेला नाही. पुढे पिटलॉक्रीला आम्ही पाय मोकळे करायला थांबलो. तिथे जलविद्युतचं धरण आहे आणि धरणाच्या बाजूने माशांसाठी जिना केलाय. चेष्टा नाही, खरोखरचा जिना: ३१० मीटर लांब, एकावर एक अशी ३४ कुंडं. १९५० च्या सुमारास बांधलेला. एका कुंडातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, करत करत सॅमन धरण चढतो. मी कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिलो. मासा काही दिसला नाही, पण पाणी अगदी आमच्या व्हाळासारखं दगडावरून खाली पडत होतं. फक्त वर चूड घेऊन कोणी उभं नव्हतं.

गाडीत मामाने माझा क्लास घेतला. तो इथे थोडक्यात देतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सी ट्राउट हा काही वेगळा मासा नाही. नदीत राहणारा साधा ब्राउन ट्राउट आणि हा, दोघांची जात एकच. एकाच आईची पिल्लं. त्यातली काही गावीच राहतात, आणि काही दोन-तीन वर्षांची झाली की अंगावर चंदेरी वर्ख चढवून समुद्रात जातात. तिकडे भरपूर खायला मिळतं, चांगली जाडजूड होतात आणि मग आपल्या जन्माच्या नदीला परत येतात, नदीचा वास ओळखून. (ऑनसाइटवाल्यांनी इथे आपापलं हसून किंवा रडून घ्यावं.) समुद्रात जाणाऱ्यांमध्ये माद्यांचं प्रमाण जास्त असतं, कारण जेवढं अंग मोठं तेवढी अंडी जास्त. सॅमनचंही साधारण असंच, पण त्याला समुद्रात जावंच लागतं, आणि अंडी घातल्यावर बहुतेक सॅमन मरतात. सी ट्राउट मात्र पुन्हा पुन्हा समुद्रात जाऊन येतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, नदीत शिरल्यावर सॅमन खाणं बंद करतो. सी ट्राउटही जवळजवळ बंदच. जूनमध्ये वर आलेला मासा थेट ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अंडी घालतो आणि तोपर्यंत अंगावरच्या चरबीवर जगतो. आषाढापासून कार्तिकापर्यंत. म्हणजे याचा चक्क चातुर्मास असतो!

"मग तो गळाला का लागतो?" मी विचारलं.

"ते कळलं असतं तर मी इतकी वर्षं आलोच नसतो," मामा म्हणाला. कोणी म्हणतं सवयीने तोंड उघडतो, कोणी म्हणतं चिडून. मला आपलं वाटलं की आषाढी एकादशीला माणसाच्या नाकासमोरून गरम बटाटावडा शंभर वेळा नेला तर शंभरापैकी एखाद्या वेळी हात आपोआप पुढे जाईलच. त्याला भूक म्हणता येणार नाही. आणि त्याबद्दल त्या माणसाला शिक्षा करणं कितपत बरोबर, हाही प्रश्नच आहे.

ग्रँटाऊनला पोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते आणि ऊन दुपारच्या चारसारखं. इथे जूनअखेर सूर्य रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो आणि साडेचारच्या आत परत हजर. मामाने रॉड गाडीतून काढूच दिला नाही. आधी नुसता डोह बघायचा. काठाने वरून खाली चालायचं, कुठे दगड आहे, कुठे ऑल्डरच्या फांद्या पाण्यावर आल्यात, कुठे पाय ठेवल्यावर एकदम कमरेएवढं होतं ते पाठ करायचं. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, कारण वरच्या डोंगरातलं पीट त्यात उतरतं. तळ दिसतो पण तपकिरी काचेतून बघितल्यासारखा. आणि ओढ! घोटाभर पाण्यातसुद्धा नदी तुम्हाला सारखी आठवण करून देते की ती कुठेतरी चालली आहे आणि तुम्ही मध्ये उभे आहात.

"रात्री तुला काहीही दिसणार नाही," मामा म्हणाला. "आत्ता जे बघशील तेवढंच तुझ्याकडे असेल."

आठनंतर त्याने मला सॅमनसाठी वरच्या वेगवान पाण्यात उभं केलं. थोडं फ्लाय फिशिंगबद्दल सांगतो. फ्लाय म्हणजे माशी, पण माशीचा आणि याचा संबंध नावापुरताच. गळावर केस, पिसं आणि चंदेरी तार गुंडाळून केलेला एक झुपका. आमच्याकडे होता त्याचं नाव स्टोट्स टेल, मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याच्या शेपटीच्या काळ्या केसांवरून पडलेलं. त्याला वजन असं काही नसतंच. आपण साधा गळ टाकतो तेव्हा शिशाचं वजन दोरीला ओढून नेतं. इथे उलटं आहे. दोरीच जाड आणि जड असते, आपण दोरी फेकायची, आणि गळ बिचारा तिच्या मागून जातो. मागे झाडी असली की दोरी मागे नेता येत नाही, म्हणून पाण्यावरच तिचा वेटोळा घालून पुढे फेकायची एक पद्धत आहे, तिला स्पे कास्ट म्हणतात. याच नदीवरून पडलेलं नाव. जगभर लोक पैसे देऊन शिकतात म्हणे. मी दोन तासांत तीन वेळा स्वतःची टोपी, एकदा मामाचं जॅकेट आणि असंख्य वेळा गवत पकडलं. सॅमन एकदा उडाला, माझ्यापासून वीस फुटांवर, एवढा मोठा की मी दचकून मागे सरलो. तो उडाला, धप्पकन पडला आणि गेला. माझ्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

आणि मिज. मिजबद्दल कोणी आधी बोलत नाही. डोळ्याला जेमतेम दिसणारे चिलटासारखे किडे, वारा पडला की ढगाने येतात आणि चावतात. आपला कोकणातला डास निदान गाणं म्हणून येतो. मामाने डोक्यावर जाळी चढवली, मला एक दिली, आणि तरीही सकाळी माझे कान पापडासारखे झाले होते.

दहा वाजून गेले. सूर्य गेला पण उजेड जाईना. मामा काठावर बसून राहिला. मी उठायला गेलो की हाताने खाली बसवायचा. सी ट्राउट फार भित्रा. दिवसभर झाडाच्या मुळांत, खोल पाण्यात दडून बसतो आणि पूर्ण अंधार झाला की डोहाच्या शेवटाकडे, पाणी उथळ होत जातं त्या टेलमध्ये सरकतो. घाई करून आधीच पाण्यात शिरलात तर पूर्ण रात्रीचा सत्यानाश. "समोरची पानं हिरवी दिसताहेत ना? अजून नाही." मग पुन्हा, "अजून नाही." प्रोजेक्टमध्ये असा रिलीज मॅनेजर असणं म्हणजे काय असतं ते मला एकदम कळलं.

साडेअकराला पानं काळी झाली. उत्तरेकडे आभाळात एक फिकट पट्टा राहिला तो रात्रभर तसाच राहिला, इतक्या वर उन्हाळ्यात पूर्ण रात्र होतच नाही. पण खाली पाण्यावर, झाडांखाली, मिट्ट काळोख. टॉर्च लावायला बंदी. लागलाच तर लाल दिवा, तोही नदीकडे पाठ करून. लाइनवर एका ठिकाणी मामाने दोऱ्याचे वेढे घातले होते, ते बोटाला लागले की थांबायचं. तेवढीच लाइन दर वेळी बाहेर. फेकायची, प्रवाहाबरोबर फिरू द्यायची, हळू ओढून घ्यायची, एक पाऊल खाली सरकायचं, परत फेकायची.

काय गंमत आहे बघा, संध्याकाळी उजेडात जे जमत नव्हतं ते अंधारात जमायला लागलं. दिसत नसल्यामुळे मी लाइनकडे बघणं सोडलं. मागे गेलेली लाइन सरळ झाली की रॉड हाताला किंचित मागे ओढतो, तेवढ्यावर पुढे फेकायचं. कान एकदम मोठे झाले. वटवाघळं, पलीकडच्या शेतात कुठलासा पक्षी रात्रभर किंचाळत होता (ऑयस्टरकॅचर, मामाने नंतर सांगितलं), लांब कुठेतरी हरिण कुत्र्यासारखं भुंकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. देवचाराची आठवण आली म्हणायला हरकत नाही. तो स्कॉटलंडपर्यंत येतो का, हद्दीचा काय नियम आहे, असले विचार करत मी एक एक पाऊल सरकत होतो. मासा एकही लागला नाही.

बारा-साडेबाराला मामाने शीळ घातली. हाफटाइम. हा शब्द त्याचा नाही, ह्यू फॉल्कस नावाच्या इंग्रज गृहस्थाचा आहे. त्याने १९६२ साली सी ट्राउटवर एक पुस्तक लिहिलं आणि रात्रीचे फुटबॉलसारखे भाग पाडले. पहिला हाफ, हाफटाइम, दुसरा हाफ. पहिल्या हाफनंतर नदी गप्प होते, बहुतेक लोक कंटाळून घरी जातात, आणि मग जो थांबतो त्याची पाळी येते. आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. मी आईने पाठवलेले बेसनाचे लाडू काढले. मामाने तीन खाल्ले.

तेव्हा तो बोलायला लागला. पूर्वी या डोहात रात्रभर माशांच्या उड्यांचा आवाज यायचा, झोप लागायची नाही म्हणे. आता तासाला एखादी. मी नंतर घरी येऊन आकडे बघितले. स्कॉटलंडमध्ये रॉडवर धरलेल्या सॅमनची नोंद १९५२ पासून ठेवतात, आणि २०२३ चा आकडा, ३२ हजारांच्या आसपास, तेव्हापासूनचा सगळ्यात कमी होता. पुढच्या वर्षी तो वर आला, पण पूर्वीच्या मानाने काहीच नाही. त्याच २०२३ च्या डिसेंबरात ब्रिटनमधला सॅमन अधिकृतपणे धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत गेला. कारणं एक ना दोन. समुद्र तापतोय, नद्या तापताहेत, धरणं आहेत, सॅमनच्या शेतीतल्या उवा आहेत. इथले लोक धरलेल्या सॅमनपैकी ९५ टक्क्यांहून जास्त परत सोडतात. आम्हीही जे मिळेल ते सोडायचं हे आधीच ठरलं होतं.

"मग धरायचेच कशाला?" हे मी त्याला विचारलं नाही. लाडू खात होता, म्हटलं जाऊ दे.

दुसरा हाफ. सिंकिंग लाइन, थोडी मोठी फ्लाय. गार पडलं होतं. पायांना संवेदना नव्हती. पावणेदोन वाजले असतील. मी सोमवारच्या डेमोचा विचार करत होतो हे प्रामाणिकपणे सांगतो. आणि लाइन थांबली.

दगड वाटला. मग दगड चालायला लागला.

पुढची सहा-सात मिनिटं मला नीट सांगता येणार नाहीत. अंधारात कुठेतरी डावीकडे धप्पकन आवाज झाला, रीळ किंचाळली, लाइन उजवीकडे होती. मासा उडतोय तिकडे आणि दोरी भलतीकडे. मामा शेजारी येऊन उभा राहिला, हात न लावता नुसता पुटपुटत होता, "जाऊ दे, जाऊ दे, आता घे, जाऊ दे." माझ्या तोंडून शुद्ध मालवणी शिव्या चालल्या होत्या. शेवटी ओढ कमी झाली, मामाने जाळं पाण्यात बुडवून धरलं आणि मी तो मासा त्यावर सरकवला. लाल दिव्यात बघितलं. चंदेरी, रुंद, काळे ठिपके, दोनेक किलोचा तरी. इतका सुंदर मासा मी आयुष्यात बघितला नव्हता आणि आयुष्यात मासे खूप बघितलेत.

हात ओले केले, मासा पाण्यातच ठेवला, गळ काढायला बोटं घातली. बोटांना काहीतरी चिकट लागलं. मामाने पांढरा दिवा लावला. लाल उजेडात रक्त दिसतच नाही, हे तोपर्यंत मला माहीत नव्हतं. पांढऱ्या उजेडात सगळं जाळं लाल होतं. गळ तोंडात नाही, आत कल्ल्याला लागला होता.

मामा एक शिवी हासडून गप्प झाला. गळाला काटा नव्हता म्हणून तो पटकन सुटला, पण रक्त थांबेना.

आता सांगतो त्या क्षणी डोक्यात काय आलं. बाबा आले. बाबांनी दगडावर एकदा आपटून विषय संपवला असता. हा मरणारच आहे. खाल्ला तर निदान कुणाच्या पोटात जाईल, आणि सोडला तर दोन वळणं खाली उलटा होऊन तरंगेल. मामाला म्हटलं तसं. तो म्हणाला, "सोडायचा. मेला तर ऊदमांजर खाईल. पण जगला तर?" आणि मग थोड्या वेळाने, "ही बहुतेक मादी आहे. पोटात अंडी वाढायला लागली असतील."

गाबोळी. माझ्या डोळ्यांसमोर आजीचा खुललेला चेहरा आला.

मी गुडघ्यांवर बसलो आणि तिला शेपटीपाशी एका हाताने आणि पोटाखाली एका हाताने धरून, तोंड प्रवाहाकडे करून ठेवलं. कल्ले हलत होते. थांबत होते. परत हलत होते. वीस मिनिटं तरी झाली असतील. बोटं इतकी बधिर झाली की मासा हातात आहे की नाही हे कळेना. मामा शेजारी उभा, रॉड बाजूला ठेवून. मग हातातलं वजन कमी झालं. झटका नाही, उडी नाही, सिनेमात दाखवतात तसं काही नाही. हळूच पुढे सरकली आणि काळ्या पाण्यात दिसेनाशी झाली.

मी त्यानंतर रॉड उचलला नाही. चारच्या सुमारास उजाडायला लागलं तसा मी टेलपासून खाली अर्धा मैल काठाने चालत गेलो, पांढरं पोट कुठे दिसतंय का बघत. दिसलं नाही. पण टेस्टिंगमध्ये आयुष्य काढलेला माणूस मी. बग सापडला नाही म्हणजे बग नाही असं होत नाही, हे मला कुणी सांगायला नको.

साडेपाचला गाडीत बसलो. मामा मागच्या सीटवर आडवा होऊन घोरायला लागला. भारतात सकाळचे दहा वाजले होते, मी बाबांना फोन लावला. नदीवर जाणार हे त्यांना सांगितलं होतं, वाट बघतच होते.

"काय गावला काय?"

"एक गावलो हुतो. दोन किलोचो. सोडलंय."

"सोडलंस?" मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कट झाला. "खावचो नाय हुतो तर धरलंस कित्याक?"

मी त्यांना सगळं सांगितलं. आकडे, यादी, अंडी, रक्त, वीस मिनिटं. इथे सगळे सोडतात म्हणून सांगितलं. नंतर वाचताना कळलं की बाबांचा प्रश्न काही अडाण्याचा प्रश्न नाही. स्वित्झर्लंडने २००९ पासून नुसता सोडण्यासाठी मासा धरणं बेकायदा ठरवलंय. खेळ म्हणून जनावराला त्रास द्यायचा नाही, धरायचा तर खायला धरा, असं ते म्हणतात. म्हणजे बर्नचे वकील आणि माझे बाबा एका बाजूला, आणि तीस वर्षं नदीचं भलं चिंतणारा मामा दुसऱ्या बाजूला. मामासारखी माणसं नदीवर येतात, पैसे भरतात, भांडतात, म्हणून या नदीकडे कुणाचं लक्ष तरी आहे, हेही मला दिसतंय. आमच्या व्हाळाकडे कोण बघतंय? तिथे हल्ली पोरं ब्लीचिंग पावडर टाकतात. एका रात्रीत सगळा व्हाळ पांढरा.

"औंदा चढणीक गेल्लात?" मी विषय बदलायला विचारलं.

"गेल्लंय. एकटोच. चूड घेऊन उभो रवलंय तासभर."

"मगे?"

"दोन खवळे इले."

"धरलात?"

"दोनच हुते रे," बाबा म्हणाले. "पाग नेल्लंयच नाय."

मग आईने फोन घेतला आणि लाडू संपले का ते विचारलं.

फोन ठेवला तेव्हा मामा उठून बसला होता. कान लाल, दाढीत गवत. म्हणाला, पुढच्या शुक्रवारीही पाणी असंच राहील, तुझं परमिट आत्ताच सांगून ठेवू का?

म्हटलं, सांगतो.